कॅनन आर१० आणि आरएफ १००-४००: खान्देशच्या उन्हात एक किलोचा संच

मे महिन्यात सकाळी दहा वाजता मेहरूण तलावाच्या काठावरून पलीकडचा पाणकावळा टिपला आणि फोटो मऊ आला, की दोष हमखास लेन्सवर जातो. ‘भो, चारशेला लेन्स सॉफ्ट आहे,’ म्हणजे झूम ४०० मिमीला नेला की फोटो मऊ येतो. या संचाबद्दल जळगाव-धुळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि दहातल्या आठ वेळा ती चुकीची असते. बाकीच्या दोन वेळांचा विचार पुढे करू.

आधी संच म्हणजे काय ते. कॅनन ईओएस आर१० ही २०२२ची एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची बॉडी. २४.२ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्ड धरून ४२९ ग्रॅम. बॉडीत स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, कार्डाचा खण एकच. आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आयएस यूएसएम ही २०२१ची लेन्स, ६३५ ग्रॅम, फिल्टरचा आटा ६७ मिमी, आतला स्टॅबिलायझर कंपनीच्या मोजणीत साडेपाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). दोन्ही मिळून एक किलो आणि वर साठ-पासष्ट ग्रॅम. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरला १.६चा गुणक लागतो, म्हणजे हातात पडतो १६० ते ६४० मिमीचा पल्ला. पक्ष्यांसाठी नावाजलेली सोनीची २००-६०० ही लेन्स एकटीच दोन किलोच्या वर भरते. यावल-पालच्या बाजूला चढणीवर पाच किलोमीटर चालून गेल्यावर हा एक किलोचा फरक मानेला कळतो.

एवढी हलकी लेन्स फुकटात होत नाही. चारशेला तोंड एफ/८ एवढंच उघडतं (एफचा आकडा मोठा, तितकं तोंड लहान आणि उजेड कमी). पुण्या-मुंबईच्या ढगाळ सकाळी ही मोठी अडचण ठरते. खान्देशात तिचं स्वरूप वेगळं आहे, म्हणून हिशोब मांडून पाहावा. कडक उन्हात एफ/८ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवला तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास येतं. आयएसओ ४०० केला की १/२०००. उडणाऱ्या बगळ्याला एवढं पुरून उरतं. सूर्य नुकताच वर आलेला असताना प्रकाश तीन स्टॉपने कमी धरा: १/१०००साठी आयएसओ १६०० लागेल, आर१० तो सहज पेलते. पाटणादेवीच्या दाट झाडीत संध्याकाळी मात्र आणखी तीन स्टॉप जातात. तिथे १/१००० म्हटलं की आयएसओ १२८०० आणि फोटोत रव्यासारखे दाणे. बसलेल्या पक्ष्याला १/२५० चालतं, मग आयएसओ ३२००वर भागतं, पण पक्षी उडाला की खेळ संपला. म्हणजे उघड्या माळावर, धरणावर, शेतात एफ/८ नडत नाही. जंगलाच्या सावलीत नडतो, आणि तिथे कोणतीही सेटिंग तुम्हाला वाचवत नाही.

एक छोटी सोय आहे. एफ/८ फक्त शेवटच्या टोकाला लागतो. झूम ३५०च्या आसपास मागे घेतला की एफ/७.१ मिळतो. एक तृतीयांश स्टॉपच, पण कडेचा स्पष्टपणाही थोडा सुधारतो. उलट एफ/११ला जाऊ नका. एवढे बारीक पिक्सेल असलेल्या सेन्सरवर एफ/८च्या पुढे डिफ्रॅक्शन (बारीक तोंडातून जाताना प्रकाशाचं पसरणं) दिसायला लागतं, शार्पनेस वाढायच्या ऐवजी उतरतो. १.४ पट कन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी मधली जोड-लेन्स) या लेन्सला बसतो, पण चारशेचे ५६० होताना तोंड एफ/११चं होतं. तो खर्च वाचवा.

आता त्या मऊ फोटोंकडे. खान्देशातली काळी जमीन सकाळी आठपासून तापायला लागते. जमिनीलगतची गरम हवा वर चढते, वरची थंड खाली येते, आणि त्या सरमिसळीत प्रकाशकिरण वाकडेतिकडे होतात. डोळ्यांना दूरच्या डांबरी रस्त्यावर जे पाणी दिसतं तेच हे. चारशे मिमीची लेन्स त्या झळा मोठ्या करून दाखवते, बाकी काही करत नाही. यावर ना शटरचा वेग चालतो, ना स्टॅबिलायझर, ना अडीच लाखांची लेन्स. चालतं ते फक्त अंतर कमी करणं आणि वेळ बदलणं. मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेआठपर्यंत काम उरकायचं. डिसेंबरात साडेदहापर्यंत सवड मिळते.

दोष लेन्सचा की हवेचा, हे घरबसल्या ठरवता येतं. उजाडता उजाडता, जमीन थंड असताना, दहा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, ४०० मिमी, एफ/८. फोकस दर वेळी नव्याने लावून दहा फ्रेम घ्या. दहाही फ्रेममध्ये एकच कोपरा मऊ असेल तर लेन्सचं काच-गट वाकलेलं आहे, वॉरंटीत द्या. सगळं पान प्रत्येक वेळी सारखंच मऊ असेल तर आधी फिल्टर काढून पुन्हा तपासा, कारण दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर चारशेला चांगलीच वाट लावतो. त्यानंतर तीच चाचणी दुपारी बाराला, उघड्या जमिनीवर चाळीस मीटरवरून करा. एका फ्रेममध्ये मथळा स्पष्ट आणि मजकूर विरघळलेला, पुढच्या फ्रेममध्ये उलटं, असं दिसलं तर ती हवा. लेन्सचा दोष जागा बदलत नाही, हवेचा बदलतो.

याच झळांचा एक लपलेला प्रकार गाडीत होतो. एसी लावून गाडी चालवत आलात, काच खाली केली आणि खिडकीतून लगेच फोटो घ्यायला लागलात, तर खिडकीच्या चौकटीतच गार आणि गरम हवा एकमेकींत मिसळत असते. लेन्स तिच्या तोंडाशी. सगळ्या फ्रेम वाया. एसी बंद करा, चारही काचा उघडा, दहा मिनिटं थांबा. हूडच्या आत अडकलेली गार हवाही तेवढ्यात निघून जाते.

हूडवरून आठवलं. कंपनी या लेन्ससोबत हूड देत नाही. ईटी-७४बी वेगळा घ्यावा लागतो. त्याच मापाचा साधा हूडही चालतो, फक्त आतून गुळगुळीत चकचकीत नसावा. खान्देशच्या उन्हात हूडशिवाय ही लेन्स वापरणं म्हणजे कॉन्ट्रास्ट स्वतःहून टाकून देणं.

मग शहादा. पक्षी पाहणाऱ्यांना हा तालुका का माहीत आहे ते सांगायला नको. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाच्याही खात्रीलायक नजरेस पडला नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. हा पिंगळा दिवसा फिरतो, म्हणून एफ/८वाल्यांनाही त्याची आशा धरता येते. आकार साधारण २३ सेंटिमीटर. वीस मीटरवर तो बसला असेल तर चारशेला फ्रेमची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर भरते, म्हणजे पक्षी उंचीच्या जेमतेम एक तृतीयांश, पिक्सेलमध्ये बाराशेच्या आसपास. कापून घेतल्यावर पोस्टकार्डापेक्षा मोठी, चांगली प्रिंट निघते. यासाठी त्याच्या आणखी जवळ जायची गरज नाही, आणि जाऊही नये. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं, ढोलीपाशी तळ ठोकणं, फ्लॅश मारणं हे सगळं बंद. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे. आर१०च्या डोक्यावर उघडणारा फ्लॅश आहे. जंगलात शिरण्यापूर्वी मेनूत जाऊन तो बंदच करून टाका.

हतनूर धरणावर गणित बदलतं. हिवाळ्यात चक्रवाक आणि तलवार बदकं पाण्याच्या मध्यावर असतात. शंभर मीटरवर चारशेची फ्रेम साडेपाच मीटर रुंद होते, त्यात ६५ सेंटिमीटरचा चक्रवाक सातशे पिक्सेलचा. ओळख पटवायला आणि नोंदीला पुरे, भिंतीवर लावायला नाही. इथे थव्याचे फोटो काढा, एकट्या पक्ष्याचा हट्ट सोडा.

ऑटोफोकस हा या बॉडीचा सगळ्यात तगडा भाग. प्राणी ओळखण्याच्या यादीत कुत्रा, मांजर आणि पक्षी आहेत, आणि पक्ष्याचा डोळा ती झपकन पकडते. निळ्या आभाळात तर प्रश्नच नाही. गोंधळ होतो तो बाभळीच्या काटक्यांत आणि केळीच्या फाटक्या पानांत: चौकट पानाच्या कडेवर जाऊन बसते आणि हलत नाही. उपाय जुनाच. फोकस शटरच्या बटणावरून काढून एएफ-ऑन बटणावर द्या, आणि शेजारच्या तारा-बटणावर एक-बिंदू फोकस ठेवा. आधी एका बिंदूने पक्ष्यावर आणायचं, मग अंगठा सरकवून डोळ्यावर सोडायचं. लेन्सला एएफ-एमएफचा (ऑटो की हाताने फोकस) खटका आहे. कॅमेरा बॅगेतून काढताना तो सरकतो आणि माणूस पाच मिनिटं बॉडीला शिव्या देतो. आधी तो पाहा.

डायलवर सी१ आणि सी२ असे दोन रिकामे खण आहेत, ते रिकामे ठेवू नका. सी१ उडणाऱ्यासाठी: मॅन्युअल, १/२०००, एफ/८, ऑटो आयएसओ ६४००पर्यंत, सलग बर्स्ट. सी२ बसलेल्यासाठी: १/३२०, बाकी तेच. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ असताना एक्स्पोजर भरपाई (फोटो उजळ किंवा गडद करणं) लेन्सच्या पुढच्या कंट्रोल रिंगवर देऊन ठेवा. पांढरा बगळा काळ्या पाण्यावर आला की उणे एक. हे हातातल्या हातात होतं.

बर्स्टचे दोन आकडे जाहिरातीत असतात: मेकॅनिकल शटरला सेकंदाला १५ आणि इलेक्ट्रॉनिकला २३. पंधराच वापरा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली सावकाश वाचतं, त्यामुळे खंड्याचे पंख रबराचे असल्यासारखे वाकतात आणि एलईडीच्या उजेडात फ्रेमवर आडवे पट्टे येतात. पूर्ण रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) पंधराच्या वेगाने दोनेक सेकंदांत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो, मग कॅमेरा धापा टाकतो. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) निवडलं तर तो कितीतरी लांब पळतो आणि फरक डोळ्याला दिसत नाही. कार्ड वेगवान, यूएचएस-टू, व्ही६० दर्जाचं घ्या. कार्ड आणि बॅटरी एकाच झाकणाखाली, बॉडीच्या तळाला आहेत. ट्रायपॉडची मोठी प्लेट लावली की झाकण उघडत नाही. लहान प्लेट वापरा.

सारंगखेड्याला घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ऑटोफोकसची प्राण्यांची यादी घोड्याला ओळखत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात स्वार असलेल्या घोड्यासाठी विषय ‘माणसं’वर ठेवा, स्वाराचा चेहरा पकडला की घोडाही फोकसमध्ये येतो. नुसत्या घोड्यासाठी ओळख बंद करून लहान झोन वापरा. आणि १००-४०० तिथे फक्त धावपट्टीच्या कडेला कामाची. दहा मीटरवरून शंभरला फ्रेम सव्वादोन मीटर रुंद भरते, त्यात अख्खा घोडा मावत नाही, शेपूट तरी जाते नाहीतर नाक. पंधरा मीटर मागे सरकायला गर्दीत जागा कुठली? तंबूंच्या ओळीत आरएफ ५० एफ/१.८ हीच लेन्स. १६० ग्रॅमची, खिशात मावते. संध्याकाळी दिव्यांच्या माळांखाली अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक टाळणारी सोय) चालू करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/१०० किंवा १/५० हे शटर बहुतेक दिव्यांखाली सुरक्षित.

काठी गावच्या राजवाडी होळीला तर १००-४०० घरीच. रात्रभर नाच, पहाटे होळी पेटते, उजेड म्हणजे फक्त आग. २०२४पासून सिग्माच्या एपीएस-सी लेन्स आरएफ माउंटमध्ये (बॉडीवर लेन्स बसायची जोडणी) मिळू लागल्या, त्यातली ५६ एफ/१.४ किंवा १८-५० एफ/२.८ अशा जागी शोभते. मोरपिसांचे टोप आणि अंगावरची नक्षी पाहून लेन्स थेट तोंडासमोर नेणारे पाहुणे तिथे दर वर्षी दिसतात. आधी नजरेने विचारा, मान हलली तर फोटो.

या लेन्सचा एक गुण जाहिरातीत मागे पडतो आणि खान्देशाला सगळ्यात जास्त उपयोगी आहे तो. ती जवळून फोकस करते: २०० मिमीला ८८ सेंटिमीटरपर्यंत, आणि चारशेला मोठेपणा ०.४१ पट मिळतो. अस्सल मॅक्रो नाही, पण फुलपाखरू, चतुर, सरडा यांना भरपूर. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत केळफुलावर शिंजीर येतो. तीन मीटरवर उभं राहिलं तर चारशेची फ्रेम जेमतेम वितभर रुंद होते आणि दहा सेंटिमीटरचा पक्षी ती भरून टाकतो. मागे पाच-सहा मीटरवरची पानं एफ/८लाही हिरव्या पाण्यासारखी वितळतात. बागेत सावली असते, म्हणून कडेच्या ओळीतलं, सकाळचं ऊन पडणारं केळफूल निवडा आणि त्याच्यासमोर बसून राहा. पक्षी दर थोड्या वेळाने त्याच फुलावर परततो. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, मालकाला आधी सांगा. आणि पाऊस असेल तेव्हा घरातच टेबलावर मांडामांड करून पाहायला हरकत नाही; टेबलटॉप फोटोग्राफीत नाव काढणारे केकी मूस चाळीसगावचेच.

आता उष्णता आणि धूळ, म्हणजे इथला खरा व्याप. कॅननने या बॉडीला दिलेली वापराची मर्यादा शून्य ते चाळीस अंश आहे. जळगाव-भुसावळात मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि तो सावलीतला. काळी बॉडी उन्हात ठेवली तर तिचं तापमान विचारू नका. फोटो काढताना ती सहसा बंद पडत नाही, पण व्हिडिओला पडते. फोर-के ३० पूर्ण रुंदीचं आहे, त्यावर सेन्सर आणि प्रोसेसर दोघेही तापतात. दुपारी फुल-एचडीवर या, स्क्रीन बॉडीपासून उघडून धरा म्हणजे मागून हवा लागेल. फोर-के ६० मोठी कापाकापी करून देते, चारशेचं दृश्य हजार मिमीसारखं अरुंद होतं. सकाळच्या गार हवेत लांबच्या पक्ष्याला ते वरदान, दुपारी झळांचा तमाशा.

वाट पाहताना कॅमेऱ्यावर बागायती रुमाल टाका, पांढरा आणि कोरडा. ओला नको, बॉडी आणि लेन्स दोन्ही हवाबंद नाहीत. लेन्सचं झाकण लावून ठेवा. मिररलेसमध्ये आरसा नसतो, सूर्य लेन्समधून थेट शटर-सेन्सरवर उतरतो आणि भिंग कागद जाळतं तसं काम होऊ शकतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर संच ठेवून रसवंतीवर जाऊ नका. एलपी-ई१७ बॅटरी मुळात लहान, १०४० एमएएच. दिवसभरासाठी तीन लागतात. तापलेली बॅटरी थेट चार्जरला लावू नका, हाताला गार लागू द्या.

धुळीबद्दल लोक सेन्सरची काळजी करतात, पण सुरुवात लेन्सपासून होते. झूम करताना ही लेन्स पुढे लांबते आणि दर वेळी बाहेरची हवा आत ओढते, भात्यासारखी. मळणीच्या दिवसांत किंवा कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे असताना झूम एका जागी ठेवा, आणि मागे घेण्यापूर्वी पुढची नळी कोरड्या ब्रशने झाडा. आरएफ माउंटपासून सेन्सर फक्त २० मिमीवर आहे, कॅननच्या जुन्या ईएफ माउंटला हेच अंतर ४४ होतं. म्हणून लेन्स बदलताना बॉडी बंद, तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. डाग पाहायचे तर एफ/२२ला मोकळं आभाळ, फोकस मुद्दाम बिघडवून. डाग दिसला तर हाताने दाबायचा ब्लोअर. दाबाच्या हवेचा डबा नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

एसीतून बाहेर आणल्यावर काचेला वाफ धरते, ही भीती मेमध्ये इथे निराधार आहे. हवाच इतकी कोरडी असते की बावीस अंशांच्या काचेवर पाणी जमत नाही. ऑगस्टात, तोरणमाळच्या धुक्यात, हीच गोष्ट पाच मिनिटांत होते. तेव्हा संच बंद बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या. पावसाळ्यात डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला.

लेन्सला ट्रायपॉडची कॉलर नाही. बॉडीच्या स्क्रूवर सगळा भार येतो आणि लेन्स पुढे झुकते. त्यापेक्षा जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, दीड किलो ज्वारी भरा. गाडीच्या दारावर, बांधावर, हतनूरच्या कठड्यावर हे बीनबॅग ट्रायपॉडपेक्षा बरं. जाताना रिकामं न्यायचं, ज्वारी तिथल्या किराणा दुकानात मिळते.

पर्याय पाहायचे तर सोनीची ७०-३५० थोडी जास्त उजेडाची आहे, पण पल्ला ५२५पर्यंतच. जंगलच ज्यांचं मैदान आहे त्यांनी आर७ बॉडीचा विचार करावा: ३२.५ मेगापिक्सेल, बॉडीत स्टॅबिलायझर, दोन कार्डं, धुळीपासून बरंच संरक्षण. लेन्स मात्र तीच राहिली तर एफ/८ही तोच राहतो. जुनी ईएफ माउंटची १५०-६०० अ‍ॅडाप्टरवर लावता येते, स्वस्तात एफ/६.३ मिळतो, दोन किलो उचलायची तयारी हवी. खान्देशात माळ, धरण आणि शेत हेच बहुतेकांचं मैदान, त्यांना आर१०-१००-४०० पुरतो.

वापरलेला संच घेताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून पैसे देऊ नका. मोबाईलची टॉर्च लेन्समधून तिरकी मारा, बुरशीची जाळी दिसते. लेन्स हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं, तो स्टॅबिलायझरचा मोकळा गट, घाबरू नका. कॅमेरा चालू केल्यावरही खुळखुळत राहिला तर मात्र परत द्या. माउंटच्या सोनेरी टाचण्या एका ओळीत आणि चकचकीत हव्यात. बिल भारतातलं आहे का, अनुक्रमांक बॉडीशी जुळतो का, हे पाहा. आणि वर्तमानपत्राची चाचणी विकणाऱ्याच्या अंगणात, सकाळी सातला.